एला फ्लॅग यंग

एला फ्लॅग यंग (जन्म : १५ जानेवारी १८४५, बफलो, न्यू यॉर्क राज्य, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९१८, वॉशिंग्टन डी.सी.) या अमेरिकन शिक्षिका, शिक्षणविचारक व शिक्षणप्रशासक होत्या. १९०९ साली शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांच्या अधीक्षकपदी त्यांची निवड झाली. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहराच्या संपूर्ण शालेय व्यवस्थेचे प्रमुखपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९१० साली त्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या देशव्यापी संघटनेच्याही पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. या दोन पदांमुळे त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले असले, तरी त्यांचे खरे कार्य वेगळे आहे. काय शिकवावे व कसे शिकवावे हे ठरविण्यात वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाचा वाटा असला पाहिजे, आणि शिक्षकांनी हे एकेकट्याने नव्हे तर एकत्र बसून ठरविले पाहिजे, हा विचार त्यांनी आधी शाळेत आचरला, मग ग्रंथात मांडला आणि शेवटी एका महानगराच्या शाळांत राबविला. असा वाटा नाकारलेल्या शिक्षकाचा स्वतःच्या कुवतीवरचा विश्वास हळूहळू नाहीसा होतो, हे त्यांचे निरीक्षण होते.

बालपण आणि शिक्षण

एला यांचे वडील थिओडोर फ्लॅग हे धातूच्या पत्र्याचे काम करणारे कारागीर होते. आई जेन रीड घर सांभाळत. दोघेही स्कॉटिश वंशाचे व प्रेस्बिटेरियन पंथाचे. लहानपणी एला यांची प्रकृती नाजूक असल्याने दहाव्या वर्षापर्यंत त्यांना शाळेत घातले गेले नाही. त्या बागेत काम करीत व वडिलांच्या कामाचे निरीक्षण करीत. वाचायला त्या स्वतःच शिकल्या. एका शाळेला लागलेल्या आगीची वर्तमानपत्रातील बातमी आईने त्यांना वाचून दाखवली होती. ती त्यांनी तोंडपाठ केली आणि मग पाठ झालेला मजकूर छापील शब्दांशी ताडून एकेक शब्द ओळखला. पुढे ज्यांनी आयुष्यभर शिक्षणाच्या पद्धतींचा विचार केला, त्यांचे अक्षरज्ञान कोणत्याही पद्धतीविना झाले.

त्या तेरा वर्षांच्या असताना कुटुंब शिकागोला आले. तेथील शाळेत, आधीच येत असलेले पुन्हा शिकावे लागल्याने त्यांचे मन रमले नाही व त्यांनी शाळा सोडली. पंधराव्या वर्षी त्या शिक्षकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, परंतु वय कमी असल्याने नेमणूक मिळू शकली नाही. म्हणून त्यांनी शिकागो हायस्कूलच्या नॉर्मल विभागात, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या विभागात प्रवेश घेतला.

येथे घडलेला एक प्रसंग त्यांच्या पुढील विचारांच्या मुळाशी आहे. आपली मुलगी शिक्षिका होईल याविषयी आईला शंका होती. बुद्धीविषयी नव्हे, पण एला लहान मुलांत कधी वावरल्या नव्हत्या, तेव्हा मुलांचे मन त्यांना कसे कळणार, असा आईचा प्रश्न होता. नॉर्मल विभागात त्या काळी पुस्तकी विषय शिकवले जात. प्रत्यक्ष वर्गावर सरावाची सोय नव्हती. एला यांनी ती स्वतःच करून घेतली. शहरातील एका शिक्षिकेच्या वर्गात नियमित जाऊन निरीक्षण करण्याची व थोडे शिकवून पाहण्याची परवानगी त्यांनी मिळवली. आपल्याला हे काम जमते आहे, ही खात्री त्यांना त्या वर्गात, दुसऱ्या शिक्षिकेच्या सोबतीने झाली. ती परीक्षेतल्या गुणांनी झालेली नव्हती.

अध्यापनाची सुरुवात

१८६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, फॉस्टर शाळेत त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या वाट्याला आलेली मुले शहराच्या कडेच्या माळावर गुरे राखणारी, अंगापिंडाने थोराड व काही तर वयानेही त्यांच्याहून मोठी होती. त्यांना त्यांनी ताब्यात आणले, आणि पुढच्याच वर्षी ब्राउन शाळेत बढतीची जागा मिळाली. १८६५ मध्ये नॉर्मल विभागासाठी प्रथमच सराव शाळा उघडण्यात आली, तेव्हा तिचे प्रमुखपद वीस वर्षांच्या एला फ्लॅग यांच्याकडे आले. जी सोय त्यांना स्वतःला शोधून काढावी लागली होती, ती आता इतरांसाठी अधिकृतपणे निर्माण झाली होती. शिकवण्यास अपात्र ठरलेल्या उमेदवारांना ओळखीपाळखीच्या बळावर प्रमाणपत्र देण्यास त्यांचा विरोध असे, व त्यावरून वादही होत.

१८६८ मध्ये विल्यम यंग या वयाने मोठ्या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. पतीची प्रकृती चांगली नसे. १८७३ मध्ये ते वारले. कुटुंबातील इतर जवळची माणसेही त्याच सुमारास गेली. यंग यांनी पुनर्विवाह केला नाही.

मुख्याध्यापक व सहायक अधीक्षक

१८७६ मध्ये त्या स्कॅमन शाळेच्या व १८७९ मध्ये स्किनर शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या. त्या काळचे शिकागो झपाट्याने वाढत होते. १८७१ च्या भीषण आगीत मोठा भाग बेचिराख झाल्यानंतर हे शहर पुन्हा उभे राहिले होते, आणि युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांनी शाळा भरून वाहत होत्या. एका वर्गात पन्नासाहून अधिक मुले असणे नेहमीचे होते. एवढ्या पसाऱ्याला आवर घालण्यासाठी प्रशासनाने कारखान्याचा नमुना उचलला. अभ्यासक्रम वरून ठरायचा, कोणत्या आठवड्यात कोणता भाग संपवायचा हेही वरून ठरायचे, आणि ते झाले की नाही हे पाहायला तपासनीस असायचे. शिक्षकांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मुख्याध्यापक, अधीक्षक व मंडळाचे सदस्य बहुतांशी पुरुष.

आपल्याकडील पाठटाचणाच्या वहीशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या व्यवस्थेची कल्पना सहज येईल. टाचण हे मुळात शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचा केलेला विचार आहे. परंतु ते केवळ सहीसाठी लिहिले जाऊ लागले की वही पूर्ण होते आणि विचार थांबतो.

स्किनर शाळेत यंग यांनी शिक्षकांची अभ्यासमंडळे सुरू केली. शाळा सुटल्यावर शिक्षिका एकत्र जमून साहित्याचे वाचन व चर्चा करीत. वरकरणी याचा पाठांशी संबंध नव्हता. पण जी शिक्षिका दिवसभर दुसऱ्याने ठरवलेले शिकवते, तिला कुठेतरी स्वतःचे मत मांडण्याची सवय लागली पाहिजे, असा त्यामागे हेतू होता. यंग स्वतः सौम्य नव्हत्या. कामचुकारपणा त्यांना खपत नसे, बोलणे मोजके व थेट असे, आणि अपुऱ्या तयारीने आलेल्या शिक्षकाला त्यांच्यासमोर उभे राहणे अवघड जाई. शिक्षकांवरील विश्वास व शिक्षकांकडून मोठी अपेक्षा या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र होत्या, हे त्यांच्या गौरवपर चरित्रांत बऱ्याचदा नजरेआड होते.

१८८७ मध्ये त्या सहायक अधीक्षक झाल्या व बारा वर्षे त्या पदावर राहिल्या. आपल्या विभागातील शिक्षकांच्या सभा घेऊन अभ्यासक्रमाच्या प्रश्नांवर त्यांची मते घेण्याचा प्रघात त्यांनी पाडला. १८९८ मध्ये ब्राउन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष ई. बेंजामिन अँड्र्यूज हे शिकागोचे अधीक्षक म्हणून आले. त्यांची कार्यपद्धती एकहाती होती. सहायक अधीक्षकांनी निर्णयाच्या आधी बोलायचे नाही, निर्णयानंतर त्याची अंमलबजावणी तेवढी करायची, असा तिचा अर्थ होत होता. १८९९ मध्ये यंग यांनी राजीनामा दिला. त्यांनी तो परत घ्यावा यासाठी शहरातील शिक्षिकांनी मोठा आग्रह धरला, परंतु त्या बधल्या नाहीत. दुसऱ्याचे विचार राबवण्यापुरते ठेवलेले पद शिक्षकाला जसे पोखरते तसेच अधिकाऱ्यालाही पोखरते, हे त्यांनी या वेळी स्वतः अनुभवले होते.

शिकागो विद्यापीठ व लॅबोरेटरी स्कूल

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठात आले. १८९५ पासून यंग त्यांच्या चर्चासत्रांना विद्यार्थिनी म्हणून जाऊ लागल्या. त्या वेळी त्यांचे वय पन्नास होते व ड्यूई त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान होते. या नात्यात गुरू कोण व शिष्य कोण हे सांगणे कठीण आहे. आपल्या विचारांचा शाळेच्या व्यवहारात नेमका काय अर्थ होतो हे आपल्याला अनेकदा यंग यांच्याकडून कळले, असे ड्यूई यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. लोकशाही ही मुलांना शिकवायची गोष्ट असेल, तर ती शिक्षकांच्या आपसातील व्यवहारात आधी असली पाहिजे, हा मुद्दा यंग यांच्या पस्तीस वर्षांच्या अनुभवातून आलेला होता.

ड्यूई यांनी जानेवारी १८९६ मध्ये विद्यापीठाची प्रायोगिक शाळा सुरू केली. आरंभी तेथे १६ मुले व दोन शिक्षक होते. १९०२ पर्यंत विद्यार्थिसंख्या १४० वर व शिक्षकसंख्या २३ वर गेली. १८९९ पासून विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या यंग १९०१ मध्ये या शाळेच्या अध्यापनाच्या पर्यवेक्षक झाल्या.

या शाळेत पाठ कसा आखला जाई हे समजून घेतल्याशिवाय यंग यांच्या विचारांचे स्वरूप कळत नाही. तेथे विणकाम, स्वयंपाक, सुतारकाम अशा उद्योगांभोवती इतर विषय गुंफलेले असत. ड्यूई यांनी आपल्या व्याख्यानांत वर्णिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मुलांना कच्चा कापूस व लोकर दिली गेली. कापसाच्या बोंडातून हाताने सरकी काढताना एका गटाला अर्ध्या तासात एक औंसाहूनही कमी कापूस मिळाला. तेव्हा यंत्र येण्याआधी आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरी कपडे का वापरीत, हे मुलांनी स्वतःच ताडले. हा पाठ इतिहासाचा आहे, भूगोलाचा, विज्ञानाचा की हस्तव्यवसायाचा? ज्याच्या पाठीमागे एवढे विषय आहेत, तो पाठ एका शिक्षकाने आपल्या खोलीत बसून आखता येत नाही. कापसाच्या धाग्याविषयी विज्ञानाच्या शिक्षकाला जे माहीत आहे ते हस्तव्यवसायाच्या शिक्षिकेला हवे असते, आणि मुले कोणत्या प्रश्नाशी येऊन थांबली हे तिच्याकडून इतिहासाच्या शिक्षकाला कळावे लागते.

त्यासाठी दर आठवड्याला शिक्षकांची बैठक होत असे. प्रत्येक शिक्षक आठवड्यात प्रत्यक्ष काय झाले याचा लेखी वृत्तांत देई. ठरवले काय होते, घडले काय, कुठे अडले, यावर बोलणे होई व पुढच्या आठवड्याची आखणी त्यातून निघे. वर्षाची रूपरेषा असे, परंतु ती बदलण्याची मोकळीक असे. नेहमीच्या शाळांत नवशिक्या शिक्षकाच्या पाठावर तज्ज्ञाने मागे बसून टीका करण्याची जी पद्धत होती, तिची जागा येथे या परस्पर देवाणघेवाणीने घेतली. अडचण सांगणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे एकदा प्रस्थापित झाले की शिक्षक अडचण लपवत नाही. अर्थात, ही सोय एका श्रीमंत विद्यापीठाच्या, थोड्या मुलांच्या शाळेत होती. तेवीस शिक्षक एका टेबलाभोवती बसू शकतात. शहरातील हजारो शिक्षकांचे काय, हा प्रश्न यंग यांच्यापुढे होता.

आयसोलेशन इन द स्कूल

१९०० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, यंग यांना शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध १९०१ मध्ये ‘आयसोलेशन इन द स्कूल’ या नावाने प्रसिद्ध झाला. शाळेतील एकाकीपण, असा या शीर्षकाचा अर्थ होतो. पुस्तक लहान असले, तरी त्याची भाषा तत्त्वज्ञानाच्या परिभाषेने जड झालेली आहे, आणि आजच्या वाचकाला ते सलग वाचणे सोपे जात नाही. परंतु त्यातील निदान अचूक आहे.

यंग यांच्या मते मोठ्या शालेय व्यवस्थेत प्रत्येक स्तर दुसऱ्या स्तरापासून तुटलेला असतो. अधीक्षक मुख्याध्यापकांपासून, मुख्याध्यापक शिक्षकांपासून आणि शिक्षक मुलांपासून. याखेरीज शिक्षक एकमेकांपासूनही तुटलेले असतात, कारण इयत्तांच्या विभागणीमुळे प्रत्येकाला आपला तुकडा तेवढा दिसतो. तिसरीची शिक्षिका मुलांना चौथीच्या दारापर्यंत पोचवते. त्या दारापलीकडे काय आहे हे पाहण्याचे तिला कारण उरत नाही. वरून विचार येतो, खाली कृती होते. ज्याने विचार करायचा तो शिकवत नाही आणि जो शिकवतो त्याने विचार करायचा नाही, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीचा परिणाम त्यांनी विस्ताराने दाखवला आहे. वर्षानुवर्षे आज्ञा पाळणारा शिक्षक सुरुवातीला कुरकुरतो, मग सरावतो आणि शेवटी त्याला आज्ञेची गरज वाटू लागते. एखादी गोष्ट स्वतः ठरवा असे त्याला सांगितले तर तो गोंधळतो. मग प्रशासक म्हणतात की पाहा, शिक्षकांत पुढाकार घेण्याची पात्रताच नाही, म्हणून तपासणी वाढवली पाहिजे. तपासणीने उत्पन्न केलेला दोष तपासणीचे समर्थन म्हणून पुढे केला जातो. हे दुष्टचक्र यंग यांनी नेमके पकडले, आणि त्यांच्या ग्रंथाचा हा सर्वांत मोलाचा भाग होय. आत्मविश्वासाचा अभाव हा शिक्षकाच्या स्वभावाचा दोष नसून त्याला दिलेल्या कामाच्या रचनेचा परिणाम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जो शिक्षक स्वतः मोकळेपणाने विचार करू शकत नाही तो मुलांना विचार करायला शिकवू शकणार नाही, हे त्यापुढचे पाऊल.

उपाय म्हणून त्यांनी शिक्षकसभांची कल्पना मांडली. प्रत्येक शाळेत, किंवा शाळांच्या एका गटात, अशी सभा असावी की जिचा प्रत्येक शिक्षक सदस्य असेल. तिचे प्रतिनिधी वरच्या सभेत जावेत आणि तेथून मध्यवर्ती सभेत. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती अशा विषयांवर येथे चर्चा व्हावी. अंतिम अंमलबजावणीची जबाबदारी अधीक्षकाकडेच राहावी, यावर त्या ठाम होत्या. त्यांना अधिकाऱ्याविना शाळा नको होती. ऐकून घेणारा अधिकारी हवा होता. या दोहोंतील सीमारेषा त्यांनी पुरेशी स्पष्ट केली नाही, आणि पुढे शिक्षकसभांच्या बाबतीत दुबळेपणा राहिला तो याच ठिकाणी.

१९०४ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांशी मतभेद होऊन ड्यूई शिकागो सोडून गेले. यंग यांनीही राजीनामा दिला व त्या युरोपच्या प्रवासास गेल्या. १९०५ मध्ये परतल्यावर त्या शिकागो नॉर्मल स्कूलच्या प्राचार्य झाल्या.

शिकागोच्या शाळांचे अधीक्षकपद

यंग विद्यापीठात असताना शहरातील शाळांत तणाव वाढला होता. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या शिकागो टीचर्स फेडरेशन या शिक्षकसंघटनेने मार्गारेट हेली व कॅथरिन गॉगिन यांच्या नेतृत्वाखाली, बड्या कंपन्या कर चुकवतात व त्यामुळे शाळांना पैसा मिळत नाही, हे न्यायालयात सिद्ध केले होते. दुसरीकडे अधीक्षक एडविन कूली यांनी शिक्षकांच्या वेतनवाढीसाठी परीक्षा व गोपनीय गुणांची पद्धत आणली होती. मुख्याध्यापक शिक्षकाला गुण देत. ते किती व का, हे शिक्षकाला कळत नसे.

गोपनीय मूल्यांकनाने काय साधते याचा विचार करण्यासारखा आहे. आपल्या कामात नेमकी उणीव काय हे ज्याला समजत नाही, तो ती सुधारू शकत नाही. तो फक्त धास्तावतो, आणि शेजारच्या वर्गातील सहकाऱ्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागतो. अशा वातावरणात कोणी आपली फसलेली आखणी दुसऱ्यापुढे मांडील हे संभवत नाही.

कूली यांनी पद सोडल्यावर जुलै १९०९ मध्ये शिक्षण मंडळाने यंग यांची निवड केली. त्या वेळी त्या चौसष्ट वर्षांच्या होत्या. वार्षिक वेतन १०,००० डॉलर होते. सुमारे तीन लाख विद्यार्थी व सहा हजार शिक्षक त्यांच्या अखत्यारीत आले. शिक्षिकांमध्ये या निवडीने जो आनंद पसरला तो केवळ एक स्त्री त्या पदावर आली एवढ्यासाठी नव्हता. शहरातील असंख्य शिक्षिका त्यांच्या हाताखाली शिकलेल्या होत्या, आणि त्यांनी स्वतः सर्व पायऱ्या चढलेल्या होत्या.

गोपनीय गुणांची पद्धत त्यांनी बंद केली. वेतनवाढीचा आग्रह धरला. हस्तव्यवसाय व व्यावसायिक शिक्षणाचा विस्तार केला; मुलींसाठीचे ल्यूसी फ्लॉवर टेक्निकल हायस्कूल १९११ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा उपक्रम मात्र शिक्षकसभांचा होता. प्रबंधात मांडलेली योजना त्यांनी दहा वर्षांनी प्रत्यक्षात आणली. शाळांतील शिक्षक एकत्र जमून अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व अध्यापनातील अडचणी यांवर विचार करीत आणि त्यांच्या सूचना प्रतिनिधींमार्फत वर जात. मुख्याध्यापकांच्या व शिक्षकांच्या सभा वेगळ्या ठेवल्या होत्या, कारण मुख्याध्यापकांच्या देखत सारेच शिक्षक मोकळेपणाने बोलतील याची खात्री नव्हती.

या सभांनी शिकागोतील अध्यापन कितपत पालटले हे मोजण्याचे साधन उपलब्ध नाही, आणि काही अभ्यासकांनी त्यांचे महत्त्व फुगवले आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. सभांना सूचना करण्याचा अधिकार होता, निर्णयाचा नव्हता. त्या यंग यांच्या इच्छेवर उभ्या होत्या; कायद्याचा आधार त्यांना नव्हता. तरी ज्यांना अनेक वर्षे कोणी काही विचारले नव्हते त्यांना विचारले गेले, ही घटना लहान नव्हे.

१९१० मध्ये बॉस्टन येथील अधिवेशनात नॅशनल एज्युकेशन असोसिएशनच्या नामनिर्देशन समितीने दुसऱ्याचे नाव पुढे केले असता, सभागृहातील सदस्यांनी यंग यांचे नाव सुचवून मतदानाने त्यांना निवडून आणले. ही संघटना तोवर विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या व अधीक्षकांच्या हाती होती. सामान्य शिक्षिकांनी तिच्यावर आपला ठसा उमटवला तो या वेळी.

१९१३ चा वाद

शिक्षण मंडळाचे सदस्य महापौर नेमीत असत. मंडळातील बदलांबरोबर यंग यांच्यामागील पाठिंबा कमी होत गेला. पाठ्यपुस्तकांची निवड, खर्च, शिक्षकसंघटनेशी असलेले त्यांचे सलोख्याचे संबंध, असे अनेक मुद्दे होते. १९१३ मध्ये त्यांनी माध्यमिक शाळांत डॉक्टरांकरवी लैंगिक आरोग्यविषयक व्याख्याने ठेवली. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमधील हा या प्रकारचा अगदी सुरुवातीचा प्रयोग होता. त्यावर टीकेचे मोहोळ उठले व तो अल्पावधीतच थांबवावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही. डिसेंबरमध्ये मात्र मंडळाने गुप्त मतदानाने त्यांना डावलून सहायक अधीक्षक जॉन शूप यांची निवड केली.

शहरात, विशेषतः स्त्रियांमध्ये, संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात स्त्रियांना नगरपालिका निवडणुकीत मताधिकार मिळालेला होता, हे राजकारण्यांना विसरता येण्यासारखे नव्हते. महापौर कार्टर हॅरिसन यांनी मंडळाच्या काही सदस्यांकडून आधीच घेऊन ठेवलेले राजीनामे स्वीकारले, नव्या नेमणुका केल्या आणि काही दिवसांतच यंग पुन्हा अधीक्षकपदावर आल्या. न्याय झाला, पण तो ज्या मार्गाने झाला तोही वरूनच चालणारा होता. शिक्षकांच्या संमतीचा आग्रह धरणाऱ्या अधीक्षिकेचे पद एका महापौराच्या मर्जीने गेले असते तसेच त्याच्या मर्जीने टिकले.

अखेरची वर्षे

१९१५ मध्ये मंडळाचे सदस्य जेकब लोब यांच्या पुढाकाराने शिक्षकांना कामगार चळवळीशी संलग्न संघटनांचे सदस्यत्व घेण्यास मनाई करणारा नियम झाला. त्याचा रोख शिकागो टीचर्स फेडरेशनवर होता. वर्षाअखेर यंग निवृत्त झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात ६८ शिक्षकांना पुनर्नेमणूक नाकारण्यात आली. त्यांत संघटनेच्या कार्यकर्त्या मोठ्या संख्येने होत्या. जॉन मॅकमॅनिस यांनी लिहिलेले यंग यांचे पहिले चरित्र याच वर्षी, १९१६ मध्ये, त्यांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर त्या लॉरा ब्रेटन या दीर्घकाळच्या सहकारी व स्नेही यांच्यासमवेत राहत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लिबर्टी लोन या युद्धकर्जासाठी महिलांच्या समितीचे काम स्वीकारले व त्र्याहत्तराव्या वर्षी त्या देशभर दौरे करू लागल्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्यांना संसर्ग झाला आणि २६ ऑक्टोबर १९१८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. शिकागोतील रोझहिल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

शिक्षकसभांचा उत्तरकाल

यंग यांच्या नंतर शिक्षकसभा मागे पडल्या. पुढे अधीक्षक पीटर मॉर्टेन्सन यांनी त्यांना पुन्हा चालना दिली. १९२४ मध्ये आलेले अधीक्षक विल्यम मॅकअँड्र्यू यांना शाळेच्या वेळेत शिक्षकांनी सभा घेणे मान्य नव्हते. त्यांनी ते बंद केले आणि सभा संपुष्टात आल्या. शिक्षकांचा त्यांच्याविषयीचा रोष पुढे शहराच्या राजकारणातला मोठा विषय झाला.

यंग यांनी अनुभवाने सांगितलेल्या गोष्टीला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राची परिभाषा मिळाली. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास मुख्यतः चार गोष्टींतून येतो. काम स्वतः करून यश मिळवणे ही त्यांतली सर्वांत प्रबळ. आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि मनाची व शरीराची त्या वेळची अवस्था या उरलेल्या तीन. सतरा वर्षांची होण्याआधी एला फ्लॅग दुसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात जाऊन बसत, तेव्हा यांतील पहिल्या तीन गोष्टी त्यांना मिळत असाव्यात. जपानमधील प्राथमिक शाळांत रूढ असलेली ‘जुग्यो केंक्यू’ ही पद्धतही याच जातीची आहे. तीत काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, इतर मुलांकडे पाहत टिपणे घेतात आणि मग सर्वजण त्या पाठाची चिकित्सा करतात. पाठ सर्वांचा असल्याने चिकित्सा शिकवणाऱ्या व्यक्तीची होत नाही. ही पद्धत जपानमध्ये स्वतंत्रपणे वाढली. यंग यांच्याशी तिचा संबंध नाही.

‘आयसोलेशन इन द स्कूल’ याखेरीज ‘एथिक्स इन द स्कूल’ व ‘सम टाइप्स ऑफ मॉडर्न एज्युकेशनल थिअरी’ ही यंग यांची पुस्तके १९०२ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केली. शिकागो शहराच्या पश्चिम भागातील एक सार्वजनिक प्राथमिक शाळा त्यांच्या नावाने चालते.